वाऱ्यावर

पुन्ता अरेनासमध्ये सप्टेंबर लागला
की नगरपालिकेची माणसं चौकाचौकात दोर बांधतात,
कमरेच्या उंचीवर, खांबापासून खांबापर्यंत.
अमक्याला वाऱ्यावर सोडलं, असं म्हणायची या गावात सोय नाही;
सगळे वाऱ्यावरच.
नवखे हसतात, फोटो काढतात,
मग कोपऱ्यावर वळतात आणि मुकाट्यानं दोर धरतात.
मी कधी धरला नव्हता.
माझी आजी चिलोए बेटावरून आलेली, आई इथलीच.
आम्ही खांदा पुढे घालून चालतो, बस्स.

मी रुग्णवाहिकेच्या फोनवर बसते. सात वर्षं झाली.
नाव सांगा. पत्ता सांगा. श्वास चालू आहे का?
छातीवर हात ठेवा, मी मोजते, तुम्ही दाबा.
मग तिकडे दारात गाडी पोचते, माणूस फोन टाकून धावतो
आणि माझ्या कानात नुसती एक खोली उरते,
कुणाची तरी, घड्याळ चालू असलेली.
पुढे काय झालं, ते मला कळत नाही.
शेवट नसलेल्या गोष्टी घेऊन मी घरी येते,
ब्रेडच्या पिशवीबरोबर ओट्यावर ठेवते.

मार्चपासून किटलीची शिटी वाजली
की माझ्या तोंडून निघायचं, "पत्ता सांगा."
रोसाउरा, माझी लेक, पहिल्यांदा हसली.
दुसऱ्यांदा तिनं खरंच पत्ता सांगितला, मजल्यासकट.
तिसऱ्यांदा तिनं किटलीची शिटीच काढून टाकली.

जूनमध्ये ऑफिसात 'आनंदी मन' सप्ताह झाला.
प्रत्येकाला एक पत्रक: पाणी प्या, हसत राहा.
आणि एक पिवळा रबरी चेंडू, ताण आला की दाबायला.
मी दाबला. सवयीनं, मोजून, तीस वेळा.
मग थांबले,
दोन श्वास द्यायचे राहिले म्हणून.

त्या मंगळवारी रात्रपाळी सुटली तेव्हा
सीगल पुढे उडत होते आणि मागे जात होते.
बँकेच्या कोपऱ्यावर माझे पाय माझे राहिले नाहीत.
हात आपोआप गेला. दोर जाड, ओला, जहाजावरचा.
आणि ताणलेला. दुसऱ्या टोकाला कुणीतरी होतं.
ओयार्सो. आमचा पाळीप्रमुख,
एका हातात दोर, दुसऱ्यानं टोपी डोक्यावर दाबलेली,
कधी नव्हे तो तोंड उघडं टाकून श्वास घेणारा.
त्या गदारोळात, ऐकू जाणार नाही म्हणूनच,
मी म्हणाले,
"मला झोप येत नाही. नतालेसच्या रस्त्यावरची ती बाई
अजून माझ्या कानात बोलते."
"काय?" तो ओरडला.

औषधाच्या दुकानाच्या भिंतीआड वारा कापल्यासारखा थांबला.
आता पुन्हा म्हणणं भाग होतं.
शांततेत वाक्य आखडलं.
"मी ठीक नाही."

होईल सगळं ठीक, असं तो म्हणाला नाही.
नाक पुसलं. चष्मा पुसला, तो आणखी खराब झाला.
"बुधवारी वरच्या मजल्यावर बाई येतात, मानसोपचाराच्या.
साडेचारची वेळ माझी असते. पावणेदोन वर्षं.
तू साडेतीन घे, तेव्हा हीटर चालू असतो.
आणि आठवडाभर फोन नको. गाड्यांच्या नोंदी बघ."
"आणि ती बाई?"
"माहीत नाही. हॉस्पिटलला विचारता येतं.
आपण कुणी विचारलंच नाही आजवर."

पाच बुधवार झाले.
झोप अजून तुकड्यातुकड्यांची, पण तुकडे मोठे आहेत.
हॉस्पिटलातून कळलं. सगळं चांगलं नव्हतं,
पण त्या गोष्टीला शेवट होता, आणि तो ओट्यावर मावला.
चेंडू मांजरानं पळवला.
काल रोसाउरानं, मला न विचारता,
किटलीला शिटी परत बसवली
आणि दारामागे उभी राहून ऐकत होती.
सकाळी ती वाजली. मी गॅसपर्यंत गेले.
तोंड उघडलं.
"चहा घेणार का गं?"